गणिती मॉडेलिंगचा पेपर पहिल्यांदाच शिकवायला घेताय? मग हे वाचा

जूनमध्ये वर्कलोड वाटला जातो तेव्हा कॅल्क्युलस, अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस हे ठरलेल्या माणसांकडे जातात. 'मॅथेमॅटिकल मॉडेलिंग' (खरा प्रश्न गणितात मांडून सोडवणं), 'फील्ड प्रोजेक्ट' असं काही उरलं की ते विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या, बऱ्याचदा सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. वर कोणीतरी सांगतं, "यात मुलांना प्रोफेशनल स्किल्सही द्यायची आहेत हं." ती कशी द्यायची, हे कोणीच सांगत नाही.

हा लेख अशा नव्या प्राध्यापकांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की मॉडेलिंग आणि व्यावसायिक कौशल्यं हे दोन विषय समजून शिकवायला गेलात तर दोन्ही फसतील. सोमवारी डिफरन्शियल इक्वेशन आणि गुरुवारी 'संवादकौशल्याचं महत्त्व' असा बेत करू नका. मुलांच्या उत्तराची खरोखर वाट पाहणारा कोणीतरी बाहेरचा माणूस शोधा. तो असला की वेळ पाळणं, नीट लिहिणं, गटात काम वाटून घेणं ही सगळी कौशल्यं कामातच लागतात आणि कामातच शिकली जातात.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी (छापील प्रत घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका)
- मुलांना बाहेर माहिती गोळा करायला पाठवताना द्यायचं परिचयपत्र, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं
- ज्या कार्यालयात किंवा दुकानात काम करणार, त्यांचं संमतीपत्र
- प्रत्येक गटाला एक शंभर पानी वही
- गुणांकनाचा तक्ता आणि गटातल्या मुलांनी एकमेकांना गुण द्यायचा फॉर्म
- मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बरणी

बरणी कशाला, ते दुसऱ्या पायरीत येतंय.

१. पेपर कोणत्या खान्यात बसलाय ते बघा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्याकडे मेजर, मायनर, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा पेपर), एसईसी (कौशल्यवाढीचा पेपर), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट अशी खाती झाली. मॉडेलिंग यातल्या कुठल्याही खात्यात असू शकतं आणि त्यावर तुमचे तास ठरतात. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर थिअरीत असेल तर ३० तास मिळतात, प्रॅक्टिकलमध्ये ६०. ३० तासांत एकच मोठा प्रकल्प धड होतो. ६० मिळाले तर आधी दोन छोटे आणि मग एक मोठा, असं बसवता येतं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अभ्यासक्रमात लिहिलेली दहा-बारा मॉडेलं एकामागून एक 'संपवत' जाणं. अशाने मुलं सोडवलेली उदाहरणं पाठ करतात आणि मॉडेलिंग तुमचं तुम्हीच करत राहता.

२. पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहू नका

बरणी घेऊन वर्गात जा. आठ सेंटिमीटर व्यासाची, तळाजवळ भिंतीला चार मिलिमीटरचं छिद्र पाडलेली. छिद्र तापवलेल्या खिळ्याने पाडू नका. कडेला प्लॅस्टिकची गोळी जमते आणि छिद्र गोल राहत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ड्रिल असतो, तिथल्या सहायकांना चहा पाजलात की दोन मिनिटांचं काम आहे.

छिद्रापासून वर २० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, छिद्रावर बोट ठेवा आणि विचारा: बोट काढल्यावर बरणी किती वेळात रिकामी होईल? प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर घ्या. मग दुसरा प्रश्न: पाणी २० वरून ५ सेंटिमीटरवर यायला एकूण वेळाचा किती हिस्सा लागेल? जवळजवळ सगळा वर्ग 'पाऊण' म्हणेल, कारण उंची पाऊण हिश्श्याने उतरली.

आता बोट काढा, वेळ मोजा. उत्तर 'निम्मा' येतं. पाण्याची उंची जशी कमी होते तशी धार मंदावते, आणि धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे उंचीचं वर्गमूळ वेळेबरोबर सरळ रेषेत उतरतं. २० चं वर्गमूळ ५ च्या वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणून निम्मा वेळ. हे टॉरिचेल्लीचं सूत्र सगळ्यांनी बारावीत कुठेतरी वाचलेलं असतं, ओळखत कोणी नाही.

खरी गंमत पुढे आहे. बरणी आणि छिद्र यांच्या व्यासांचं गुणोत्तर २०, क्षेत्रफळांचं ४००. सूत्रात आकडे घातले की रिकामं व्हायला सुमारे ८१ सेकंद येतात. घड्याळ मात्र सव्वादोन मिनिटांच्या आसपास दाखवतं. मुलं लगेच म्हणतात, "सर, मोजायला चुकलं." चुकलं नाही. छिद्रातून बाहेर पडणारी धार आकसते, त्यामुळे पाण्याला वाट मिळते ती छिद्राच्या क्षेत्रफळाच्या साधारण ०.६ पटच. ८१ भागिले ०.६ केलं की १३५ सेकंद. आणि शेवटच्या सेंटिमीटरभर पाण्याला तर सूत्र लागूच पडत नाही, धार तुटून नुसतं ठिबकायला लागतं. 'बरणी रिकामी झाली' हे नेमकं कधी म्हणायचं, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्या, मिटवायला जाऊ नका. शेवटी वर्गानेच काहीतरी व्याख्या ठरवावी आणि ती वहीत लिहावी.

३. गृहीतकांची वही

प्रत्येक गटाची एक वही. डाव्या पानावर गृहीतक, उजव्या पानावर ते का धरलं आणि खोटं ठरलं तर उत्तर कोणत्या बाजूला सरकेल. बरणीच्या बाबतीत: 'धार आकसत नाही असं धरलं. खोटं असल्यास खरा वेळ जास्त.' बस, एवढंच.

सगळ्या सत्रात ही एकच गोष्ट कडकपणे राबवली तरी चालेल असं माझं मत आहे. आपल्या मुलांना बारा-तेरा वर्षं 'दिलेलं आहे' आणि 'काढा' याचीच सवय असते. दिलेलं काहीच नाही, आपणच ठरवायचं, हे कळल्यावर हुशार मुलंही बिचकतात. उलट गणितात मागे पडलेली, पण घरी दुकान किंवा शेती सांभाळणारी मुलं इथे पुढे येतात. 'सगळे ग्राहक सारखा वेळ घेतात' हे धरणं किती फोल आहे ते त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत असतं.

याच वहीत एककं तपासायची सवय लावा. वर्तमानपत्र आणा. धरणाची बातमी घ्या. साठा टीएमसीत दिलेला असतो, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि लोक दोन्ही एकाच दमात बोलतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा प्रवाह. मुलांना विचारा: एक टीएमसी पाणी २४ तासांत सोडायचं तर विसर्ग किती हवा? शंभर कोटी भागिले ८६,४००, म्हणजे सुमारे ११,५७४ क्युसेक. हे एकदा हाताने केलेला मुलगा पुन्हा 'धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी शिल्लक' असं लिहीत नाही.

४. मुंबईच्या प्लेगचा धडा

साथीचं एसआयआर मॉडेल सगळीकडे शिकवलं जातं: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि त्यातून बाहेर पडलेले (बरे झालेले किंवा दगावलेले). ते शिकवाच, पण १९२७ च्या मूळ शोधनिबंधातल्या आकड्यांसकट शिकवा, कारण ते आकडे आपल्या मुंबईचे आहेत. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या त्या निबंधाच्या लेखकांनी आपलं समीकरण पडताळून पाहिलं ते १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या आठवडावार मृत्यूंवर. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते.

काही सोयीच्या सवलती घेऊन त्यांना दर आठवड्याच्या मृत्यूंसाठी जे सूत्र मिळालं ते असं: ८९० गुणिले (०.२ट वजा ३.४) याच्या हायपरबोलिक सेकंटचा (ज्याचा आलेख घंटेसारखा चढतो-उतरतो) वर्ग. ट म्हणजे आठवडे. वर्गात करून घ्यायच्या दोन गोष्टी:

शिखर कधी? कंसातली संख्या शून्य होते तेव्हा, म्हणजे १७ व्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर. त्या आठवड्यात ८९० मृत्यू.

एकूण मृत्यू किती? वक्राखालचं क्षेत्रफळ: ८९० गुणिले २, भागिले ०.२, म्हणजे ८,९००. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे इंटिग्रल यायलाच हवं.

वक्र आकड्यांवर छान बसतो. मुलं खूश होतात. इथे थांबून विचारा: प्लेग माणसाकडून माणसाकडे जातो का? मुंबईतला गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. आणि तो १८९६ पासून वर्षानुवर्षं येत राहिला, साधारण त्याच मोसमात वाढत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरत. मॉडेल म्हणतं तशी, लागण होऊ शकणारी माणसं कमी झाल्यामुळे साथ ओसरली असेल, तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत ती परत कशी? हवामान, उंदीर, पिसवा यांचं ऋतुचक्र समीकरणात कुठेच नाही, तरी वक्र बसला.

मूळ लेखकांनी हे लपवलं नव्हतं. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं धरतो, आणि ही गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत, असं त्यांनी स्वतःच नमूद केलं आहे. पाठ्यपुस्तकांत बहुधा वक्र तेवढा उतरला, टीप गळली. वक्र जुळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, हे याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येत असेल तर मला ते माहीत नाही. यासाठी पूर्ण दोन तास ठेवा.

५. खरा प्रश्न आणि खरा विचारणारा

आता मुख्य प्रकल्प. 'महाराष्ट्रातल्या शेतीच्या समस्या' असले विषय सरळ नाकारा. चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी तीन प्रश्नांची आहे: उत्तर कोणाला हवंय? आकडे आठवडाभरात मिळतील का? उत्तर मिळाल्यावर तो माणूस काही वेगळं करू शकेल का?

जवळपास शोधा. फी भरायच्या खिडकीवरची रांग. कँटीनला रोज किती वडे तळावेत. वसतिगृहाच्या टाकीला टँकर कधी मागवावा. एसटी पासाची रांग. बाजारभावांवर काम करायचं असेल तर अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि दर मिळतात, लासलगावच्या कांद्यापासून सगळं. धरणसाठ्याचे रोजचे आकडे जलसंपदा विभाग जाहीर करतो.

सापळे इथे बरेच आहेत.

एक: परवानगी तोंडी घेणं. "हो, या की कधीही" म्हणणारे साहेब बदलून गेले की मुलं दारात उभी राहतात. संमतीपत्रावर सही घ्या आणि कोणते आकडे मिळणार ते त्यात लिहा.

दोन: माणसांची नावं, मोबाइल नंबर वहीत उतरवणं. रांगेतल्या माणसाचा क्रमांक आणि वेळ पुरे, त्याचं नाव आपल्याला नको.

तीन: घरी बसून भरलेले आकडे. हे होतं, डोळेझाक करू नका. खरे आकडे ओबडधोबड असतात: मध्येच लाइट गेली, लिपिक जेवायला उठले, एकजण नुसतंच चौकशी करून गेला. ज्या तक्त्यात अशी एकही शेरा-टीप नाही, त्या गटाला जवळ बसवून विचारा, "साडेअकराला नेमकं काय चाललं होतं?"

६. गट आणि कामाची शिस्त

चारचा गट. तीनमध्ये एक आजारी पडला की काम बसतं, पाचमध्ये एकजण हमखास फुकटचा. गट तुम्ही पाडा. मैत्रीचे गट पडले की हॉस्टेलची मुलं एकीकडे आणि रोज एसटीने येणाऱ्या मुली दुसरीकडे, असं होतं. पण एसटीने येणाऱ्यांची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारा आणि गटाच्या बैठकीची वेळ त्यावरून ठरवा.

पहिल्या आठवड्यात एक पानी करारनामा: कोण काय करणार, बैठक कधी, काम न झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, वाद झाला तर कोणाकडे जायचं. चौघांच्या सह्या.

दर बैठकीचं इतिवृत्त त्याच शंभर पानी वहीत, मागच्या बाजूने. चार ओळी पुरतात: कोण हजर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. लिहिणारा दर वेळी बदलायचा, नाहीतर चांगलं अक्षर असलेल्या मुलीवरच ते काम पडतं आणि सादरीकरणात मुलगे बोलतात. याकडे जातीने लक्ष द्या.

७. संगणक: कमीत कमी

आकडे मांडायला लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल. आलेखांशी खेळायला जिओजेब्रा. समीकरणं सोडवायला पायथन, आणि महाविद्यालयातले संगणक जुने असतील तर मोबाइलवरूनही उघडणारं गुगल कोलॅब. सायलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) किंवा लाटेक्स (गणिती मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर) शिकवायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ मराठीतही आहेत, फुकट आहेत.

प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र पेपर नसेल तर ते इथे शिकवत बसू नका, सत्र निघून जाईल. चालणारा कोड द्या आणि त्यातले आकडे बदलायला सांगा.

८. अहवाल: पहिलं पान कोणासाठी?

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. फीच्या रांगेचं उदाहरण घेऊ. समजा, लिपिक तासाला ६० जणांची फी घेतात. तासाला ५० जण आले तर रांगेच्या साध्या सूत्राने प्रत्येकाचे सरासरी सहा मिनिटं जातात. ५५ आले तर बारा मिनिटं. ५८ आले तर अर्धा तास. येणारे आठच वाढले, वेळ पाचपट झाला.

मुलांचा पहिला खर्डा असा असतो: 'प्रस्तुत प्रकल्पात आम्ही एम-एम-१ रांग प्रतिमानाचा वापर करून सरासरी प्रतीक्षाकाल काढला असून निष्कर्ष समाधानकारक आहेत.' हे वाचून कार्यालय अधीक्षक काय करणार?

दोन-तीनदा परत पाठवलं की असं येतं: 'गर्दीच्या दोन तासांत प्रत्येकाचा सुमारे अर्धा तास जातो. दर तासाला तीनच विद्यार्थी दुपारच्या वेळेकडे वळवले, तर तो बारा मिनिटांवर येईल. दुसऱ्या लिपिकाची गरज नाही. मात्र विद्यार्थी सुटे-सुटे येतात असं आम्ही धरलं आहे. तास सुटल्यावर घोळक्याने आले तर वेळ यापेक्षा जास्त लागेल.' पाच वाक्यं. त्यात आकडा आहे, सल्ला आहे आणि कच्चा दुवाही आहे. सूत्रं आतल्या पानांवर.

भाषेचं म्हणाल तर विद्यापीठाला इंग्रजी अहवाल हवा असेल तर तो इंग्रजीत करा, पण पहिलं पान मराठीतही लिहून घ्या. वाचणारे अधीक्षक मराठीच आहेत. सादरीकरणाची पहिली फेरी मराठीत होऊ द्या. इंग्रजी चाचपडणारी मुलं मराठीत बोलली की त्यांना किती समजलंय ते तुम्हालाही कळतं. दुसरी फेरी इंग्रजीत. दहा मिनिटं, सहा स्लाइड, आणि त्या बाहेरच्या माणसाला समोर बसवा. स्लाइड वाचून दाखवणारी मुलं त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला ताळ्यावर येतात.

९. एआयचं काय?

बंदी घालून उपयोग नाही. वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी, हे वहीत लिहायचं, एवढा नियम करा. मग व्हायवात वहीतलं कुठलंही एक गृहीतक काढा आणि विचारा, "हे उलटं धरलं तर?" ज्याने रांगेत उभं राहून आकडे घेतलेत तो अडखळत का होईना, उत्तर देतो.

१०. गुण

पन्नास गुणांची माझी विभागणी: गृहीतकं आणि त्यांची तपासणी १५, गणित १०, अहवाल १०, सादरीकरण आणि व्हायवा १०, सहकाऱ्यांनी दिलेले ५. तुमच्या विद्यापीठाचा ठरावीक साचा असेल तर त्यात बसवून घ्या. गणिताला १० च का, असं ज्येष्ठ विचारतील. बाकीच्या सगळ्या पेपरांत गणितालाच गुण आहेत, असं सांगा.

सहकाऱ्यांचे गुण गुप्तपणे घ्या, प्रत्येकाने उरलेल्या तिघांना द्यायचे, एका ओळीच्या कारणासह. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले तर फॉर्म परत करा. गुणांकनाचा तक्ता पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हातात द्या, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही आधी पाठवा. नाहीतर ते येऊन 'थिअरम कुठे आहे?' असं विचारतात.

११. पुढच्या वर्षी उत्साह टिकला तर

कोमॅप ही अमेरिकन संस्था १९८५ पासून विद्यार्थ्यांसाठी एमसीएम ही मॉडेलिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेते. तिघांपर्यंतचा संघ, साधारण चार दिवस, जास्तीत जास्त २५ पानांचा अहवाल, त्यात एक पान सारांशाचं. नोंदणीची फी डॉलरमध्ये असते, ती महाविद्यालयाकडून आधी मंजूर करून घ्या. भाग घ्यायचा नसला तरी मागच्या वर्षांचे प्रश्न सरावाला उत्तम आहेत.

दुसरा नमुना ऑक्सफर्डचा. तिथे १९६८ मध्ये उद्योगांसोबतचे अभ्यासगट सुरू झाले: सोमवारी कंपनीची माणसं आपली अडचण मांडतात, आठवडाभर गणितवाले त्यावर डोकं लावतात, शुक्रवारी उत्तर सांगतात. आपल्याकडे एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याला, पतसंस्थेला किंवा दूध संघाला असंच बोलावता येतं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा मला सोयीचा वाटतो, सत्राचे तास साधारण संपलेले असतात. पत्र मात्र ऑगस्टमध्येच द्या, कारण दिवाळीच्या तोंडावर ऐनवेळी विचारलंत तर दूध संघात कोणालाही मान वर करायला सवड नसते.